चौकोनाचा दर

गोल कामाला दर चौकोनाचा. गोधड्यांच्या शेडच्या दारावरची ही पाटी लोरीनच्या हाताची, आणि दर नाताळाच्या तोंडावर तिच्यावरून कुणाशी ना कुणाशी वाजायचंच. नोव्हेंबर लागला की बाया नाताळाच्या झाडाखाली पसरायचे गोल घेर घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "अगं, याला कोपरेच नाहीत, मग कोपऱ्यांचे पैसे कसले घेतेस?" लोरीन सांगायची, की अस्तर चौकोनीच लागतं, आतला कापूस चौकोनीच अंथरावा लागतो, मशीनच्या रुळांवर गोल काही ताणता येत नाही. शिवाय गोलाची कडा सगळी उरेब, हात जरा जड पडला की झालरीसारख्या लाटा मारते. बाया पटल्यासारखं करायच्या आणि पैसे देताना पुन्हा नाक मुरडायच्या. सासूलाही ही पाटी पसंत नव्हती. हुल्डाच्या काळी गोधड्या हातानं शिवत आणि जेवढे वार दोरा गेला तेवढ्याचे पैसे घेत. दोऱ्याला लबाडी येत नाही, असं तिचं म्हणणं.

शनिवारी सकाळी व्हेल्डा ब्युलर आली. पाटीखाली उभी राहून तिनं ती नीट वाचली आणि मग आत पाऊल टाकलं.

लोरीनच्या हातातली कात्री तशीच राहिली. जूनपासून या बाईनं लोरीनच्या सासरी, व्होथांच्या अंगणात गाडी वळवली नव्हती. तिची मुलगी जनेल जूनमध्येच गेली. गव्हाची कापणी चालू होती, शेतावरच्या माणसांचे डबे घेऊन पोर नव्या गाडीनं निघाली होती, आणि 'थांबा'ची पाटी नसलेल्या त्या चौकात आडव्या रस्त्यानं धान्याचा ट्रक घेऊन लोरीनचा मुलगा केंडल येत होता. मातीचे रस्ते, धुळीचे लोट, दोघांनाही काही दिसलं नाही. ती सतरा वर्षांची, हा एकोणीसचा. दफनानंतरच्या रविवारी व्हेल्डा आणि तिचा नवरा एल्रॉय चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभे राहिले आणि आम्ही व्होथांना क्षमा केली, असं म्हणाले. आम्हा मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती लोकांत असंच करतात. कोर्टकचेरी करत नाहीत. क्षमा करतात, आणि मग एकमेकांचा उंबरा चढत नाहीत.

व्हेल्डानं उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं बोचकं टेबलावर ठेवलं.

"तिचेच कपडे आहेत सगळे. पाकळीसारख्या कळ्या कापून गोल जोडलंय, आमच्या जेवणाच्या टेबलावर पडेल एवढं. वरचे टाके तू घाल."

"व्हेल्डा, मी... तुला दुसरीकडे कुठे..."

"दुसरीकडे गेले असते तर फुकट करून दिलं असतं. पाच महिने फुकटचंच खातेय मी. पाव फुकट, हॅम फुकट. परवा दाढ काढली, त्यानंही पैसे घेतले नाहीत. मला आता फुकटाचा वीट आलाय, लोरीन. पाटीवरचा दर लाव आणि आकडा सांग."

"मोजावं लागेल."

"मोज की. उद्या फास्पाला येते मी. तेव्हा सांग."

ती गेली तरी लोरीन दाराकडेच बघत राहिली. फास्पा म्हणजे आमचं रविवारी दुपारचं खाणं, पाव, गार मांस, मुरंबा, कॉफी. त्याला कुणी कुणाला बोलावत नाही, ज्याला यायचं तो येतो. पण ब्युलर येतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मग तिनं बोचकं सोडलं. कापड टेबलावर पसरलं आणि तळव्यानं सपाट करायला गेली, तर ते बसेना. मधोमध फुगवटा आला. तो दाबला की कडेला लाट उठे, लाट दाबली की पुन्हा मध्ये फुगे. लोरीनला कारण लगेच कळलं. एक कळी जास्त होती. व्हेल्डासारखी शिवणारी बाई असं करत नाही, पण तिला एकही झगा वगळवला नसेल. आता एक कळी काढल्याशिवाय हे मशीनवर चढणार नव्हतं.

कुठली काढावी म्हणून ती एकेक कळी बघत गेली, आणि निळ्या चौकड्यापाशी थांबली. कापड धुऊन धुऊन विटलेलं, पण मध्ये एक खिशाएवढा भाग गडद निळा, आणि त्याला लागून बोटभर रुंदीची दुसरी गडद पट्टी. खिसा उसवून काढलेला दिसत होता. खिशाशेजारी पेन्सिलीसाठी वेगळा कप्पा. असे खिसे या गावात एकच बाई लावते.

तिनं सासूला हाक मारली. नाही गं, हे दुसऱ्याच कुणाचं, असं हुल्डानं म्हणावं अशी तिची फार इच्छा होती.

हुल्डानं चष्मा वर केला, कापड नाकाशी धरलं. "केंडलचा शर्ट. मागच्या वाढदिवसाला मीच शिवलेला."

"पण तो तर जाळला ना? रक्तानं भरला होता म्हणून व्हर्नननं जाळला."

"जाळलेल्या शर्टाची कळी होत नाही, लोरीन." हुल्डा खुर्चीत बसली. "शेरीफनं पोरीचे कपडे पिशवीत घालून दिले असतील तिला. त्यात हाही गेला. पोरीच्या अंगाशी होता, म्हणून गेला."

लोरीनला त्या दुपारचा केंडल आठवला. उघड्या अंगानं, बापाच्या गाडीतून उतरलेला. तो काही बोलला नव्हता. जे काय ते तिचा नवरा व्हर्नन बोलला होता.

रविवारी चर्चहून आल्यावर हुल्डानं शर्टाचं टेबलावरच काढलं. पावांची परडी, हॅम, तुतीचा मुरंबा, सगळं मांडून झालेलं. केंडल अजून गोठ्याकडे होता. व्हर्ननची बहीण मरीएटा तालुक्याहून आली होती. ती तिथं बँकेत, तेव्हा घरातल्या कुठल्याही भानगडीत तिचं मत आधी घ्यायचं, अशी रीत पडली होती.

"व्हर्नन," हुल्डा म्हणाली, "शर्ट तू जाळलास म्हणालास."

व्हर्नननं कपात साखर घातली, ढवळली, आणि पुन्हा साखर घातली. ही वेळ येणार हे त्याला ठाऊक होतं, फक्त ती गोधडीतून येईल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी चौकात पहिला पोचला तो तोच. ट्रक कलंडलेला, गहू रस्ताभर सांडलेला, आणि खाली चरात त्याचा मुलगा उघडा बसलेला. पोरीच्या डोक्याखाली शर्टाची घडी. पोर गेलेली होती, पण घडी काही मेलेल्या माणसाच्या डोक्याखाली घालत नाहीत. त्यानं पोराला दंडाला धरून उठवलं आणि सांगितलं, ती जागच्या जागी गेली. कुणीही विचारलं तरी हेच. शेरीफला त्यानंच तसं सांगितलं, पाद्र्यालाही त्यानंच. त्यात वाईट केलं असं त्याला आजही वाटत नव्हतं. आईबापांना तेवढंच समाधान, आणि पोरालाही.

"ती जिवंत होती," तो म्हणाला. "थोडा वेळ. बस्स, एवढंच."

लोरीन म्हणाली, "आणि हे तुला पाच महिने माहीत होतं."

"तुला सांगून काय करणार होतो? तूही झोपली नसतीस."

"मी अशीही झोपत नाही, व्हर्नन."

"वायरलेस?" मरीएटानं विचारलं. बँकेतली बाई, नको तिथं बोट ठेवायची. "ट्रकमध्ये वायरलेस होता ना? ती जिवंत होती तर केंडलनं मदत का नाही मागवली?"

व्हर्नननं पुन्हा साखरेकडे हात नेला.

"त्यानं नाही मागवली," मरीएटा हळूच म्हणाली. "अरे देवा."

"म्हणूनच सांगतो," व्हर्ननचा आवाज चढला. "विमा कंपनीच्या वकिलानं बजावलंय, त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. लोरीन, ती कळी गुपचूप काढून टाक. नाहीतरी एक जास्तच आहे म्हणतेस. आणि पैसे घेऊ नकोस."

"पैसे घे," मरीएटा म्हणाली. "फुकट दिलंस तर उद्या लोक म्हणतील, मन खातंय म्हणून दिलं. बाकी कळीचं व्हर्नन बरोबर बोलतोय. काढ आणि विसर."

"दोघंही बरोबर बोलता," हुल्डा म्हणाली. "लपवायचं तर नीट लपवा. तुमच्या वडिलांना हे जमलं नसतं, तुम्हाला मात्र छान जमतंय."

"आई, तू टोमणे मारू नकोस."

"टोमणा नाही रे. लाज आहे ती. टोमण्यासारखी ऐकू येते एवढंच."

लोरीन नवऱ्याकडे बघत होती. तेवीस वर्षांत तिनं त्याला खोटं बोलताना पाहिलं नव्हतं, असं तिनं कालपर्यंत शपथेवर सांगितलं असतं. आता तिच्या मनात आलं, की पाहिलं नव्हतं कारण त्याला ते फार चांगलं येत होतं.

अंगणात गाडी वाजली. मागच्या दारानं केंडल आला आणि पुढच्या दारानं व्हेल्डा, दोघं एकदमच.

केंडलला परत फिरायचं होतं. पण आजी म्हणाली, "बस रे, तुझी जागा आहे तिथं," आणि आजीचं न ऐकायची त्याला सवय नव्हती. तो टेबलाच्या टोकाला बसला. व्हेल्डाबाई नेमकी समोर आली. तिनं बरणीभर लोणचं आणलं होतं, ते हुल्डापुढे ठेवलं; थोरल्या बायकांना आमच्यात टांते म्हणतात, मावशी म्हणावं तसं.

"बिटाचं आहे, टांते. मागच्या वर्षी तुम्हाला आवडलं होतं."

"आवडलं होतं गं. ये, पाव घे."

सगळ्यांनी पाव घेतले. आमचे पाव दुमजली असतात, खाली मोठा गोळा, वर लहान. केंडल लहानपणापासून वरचा लहान गोळाच तोडून खायचा. आता त्यानं तो तोडला आणि हातातच धरून ठेवला. बोलणं पावसावर झालं, यंदाच्या गव्हाच्या पेरणीवर झालं, पाद्र्याच्या घशावर झालं. एल्रॉय कसे आहेत, असं मरीएटानं विचारलं.

"बोलत नाहीत," व्हेल्डा म्हणाली. "गाईंशी बोलतात तेवढंच." मग तिनं कप बशीत ठेवला. "लोरीन, आकडा काढलास?"

रविवारी आमच्यात पैशाचं बोलत नाहीत. व्हेल्डानं ते मोडलं, आणि हुल्डानंही तिला टोकलं नाही.

लोरीननं तोंड उघडलं, पण व्हर्नन आधी बोलला. "पैशाचं सोड, व्हेल्डा. आमच्याकडून समज. ते एवढंसं काम."

"एवढंसं नाही. चौकोनाचा दर आहे, मी पाटी वाचलीय."

"तुझ्याकडून कसे घेणार आम्ही?"

"का?"

"का म्हणजे... शेजारधर्म."

"शेजारधर्म जूनमध्ये संपला आपला," व्हेल्डा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "इतके दिवस मी हे पाहिलंय, व्हर्नन. दाढ काढणाऱ्यानं पैसे घेतले नाहीत, त्याला माझी कीव आली होती. पाववालीचंही तेच. तुझ्या तोंडावर कीव नाही. तू काहीतरी फेडतोयस. काय फेडतोयस?"

"व्हेल्डा," लोरीन म्हणाली, "दर चौकोनाचाच. पण ते तसं मशीनवर चढणार नाही. मध्ये फुगतंय. एक कळी काढावी लागेल."

"माहीत होतं मला. शिवतानाच कळलं होतं. कुठली काढू ते ठरेना."

"ती निळी चौकड्याची काढू," व्हर्नन म्हणाला.

फार पटकन म्हणाला. केंडलला ते ऐकू आलं, आणि व्हेल्डालाही ऐकू आलं हे त्याला तिच्या मानेवरून कळलं.

"निळीच का?" ती म्हणाली. "ती तिच्या पिशवीत होती. तिच्या अंगात मी कधी पाहिली नाही. पण सहा वेळा धुतली तेव्हा डाग गेला, एवढी मेहनत दुसऱ्या कशावर केली नाही मी. म्हणून ठेवली. कुणाची आहे ती?"

केंडलनं बापाकडे पाहिलं. बापानं मान अगदी थोडी हलवली, नाही अशी. पाच महिने ती मान त्याला रोज दिसत होती. जेवताना, दूध काढताना, प्रार्थनेच्या वेळी.

"माझा शर्ट आहे," तो म्हणाला.

"केंडल!" व्हर्नन म्हणाला.

"तिच्या डोक्याखाली घातला होता. खाली खडी होती. तिला टोचत होती."

व्हेल्डानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "टोचत होती म्हणजे?"

"ती म्हणाली तसं."

"ती बोलली?"

"हो."

"मला सांगितलं, तिला काही कळलंसुद्धा नाही. पाद्र्यांनी सांगितलं. दिवा मालवावा तशी गेली म्हणाले."

"नाही," केंडल म्हणाला. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. "ट्रकमध्ये वायरलेस होता. मी दोनदा उठलो, खरंच उठलो. ती म्हणाली, जाऊ नको. माझा हात धरला. मला वाटलं कुणीतरी येईल, कापणीचे दिवस, रस्त्यावर सारखी वर्दळ. कुणी आलं नाही. मग तिनं हात सोडला."

मरीएटानं तोंडावर रुमाल धरला होता. हुल्डा पुटपुटत प्रार्थना करत होती, तिच्या जुन्या जर्मन बोलीत, प्लाटडॉइचमध्ये.

"काय बोलली?" व्हेल्डानं विचारलं.

"बाबा रागावतील म्हणाली. गाडीसाठी. नवीन होती ना."

"माझं नाव घेतलं?"

केंडलला हो म्हणता आलं असतं. सगळ्या टेबलाला त्यानं हो म्हणावं असं वाटत होतं, खुद्द हुल्डालासुद्धा, आणि हुल्डानं जन्मात कुणाला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "गाडीचंच बोलत होती."

व्हेल्डानं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "तू वायरलेसवर गेला असतास, तर वाचली असती?"

"डॉक्टर म्हणाले होते..." व्हर्नननं सुरुवात केली.

"मी त्याला विचारलं."

"मला माहीत नाही," केंडल म्हणाला.

"मलाही नाही. आता रोज माहीत नसणार." तिनं कप बाजूला सारला. "रात्री मला झोप यायची, ठाऊक आहे? बायका म्हणायच्या, व्हेल्डा, तुला झोप कशी लागते. तिला कळलंच नाही, या एका गोष्टीवर झोपत होते मी. ती झोपही तुमच्याकडचीच निघाली. फुकट दिलेली." मग तिनं टेबलाभोवती एकेकाकडे पाहिलं. "ती कुणी दिली? पाद्र्याला हे कुणी सांगितलं?"

लोरीननं नवऱ्याकडे पाहिलं. व्हर्नन ताटलीतल्या हॅमच्या तुकड्याकडे बघत होता. त्याचा जबडा हलला, आणि लोरीनला वाटलं, आता बोलेल. या माणसाचे सगळे हट्ट, सगळी मिजास ती तेवढ्या एका वाक्यावर माफ करायला तयार होती. तिनं मनात त्याला अक्षरशः ढकललं. बोल. मी सांगितलं म्हण. दोन शब्द आहेत.

"मी," केंडल म्हणाला.

व्हर्नन हॅमकडेच बघत राहिला.

"तू," व्हेल्डा म्हणाली. "बरं. मग उठ. एल्रॉयला तू सांगायचं, आत्ता. मी सांगणार नाही. मला ते तोंडातून काढता येणार नाही."

"व्हेल्डा, आज नको," मरीएटा म्हणाली. "एल्रॉयचा स्वभाव... घरात बंदूक असते त्यांच्या. पोराला एकटं..."

"मी आहे ना तिथं. ती मेली तेव्हा तो होता, आता हे होईल तेव्हा मी असेन. लोरीन, कळी काढ. शर्ट त्याचा आहे, त्याला दे. आणि दर चौकोनाचा."

"चौकोनाचा," लोरीन म्हणाली.

केंडल उठला. जूनपासून तो कुठल्याच गाडीत बसला नव्हता; चर्चलासुद्धा शेतातून चालत जायचा. व्हेल्डाच्या गाडीपाशी जाऊन तो मागचं दार उघडायला लागला. ती आतून काहीतरी बोलली, मग तो पुढे तिच्याशेजारी बसला. लोरीन दाराशी आली. हुल्डा तिच्या मागे येऊन उभी राहिली आणि सुनेच्या पाठीवर तिनं हात ठेवला. असा हात तिनं पूर्वी कधी ठेवला नव्हता.

"व्हर्नन," लोरीन मागे न वळता म्हणाली, "गाडी अजून अंगणातच आहे."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही.

"व्हर्नन, तिनं अजून इंजिन सुरू केलं नाही. दहा पावलं आहेत. जा आणि सांग तिला, ते तू केलंस. एल्रॉयसमोर त्याला हे तरी ओझं नको."

"वकिलानं सांगितलंय..." व्हर्नन म्हणाला. "आता पोरानं कबूल केलंच आहे. दोघांनी अडकून काय मिळणार?"

"लोरीन, मी जाऊ का?" मरीएटा उठत म्हणाली.

"तुझं काम नाही ते."

इंजिन सुरू झालं. गाडी अंगणातून वळली आणि चौकाच्या दिशेनं गेली, कारण ब्युलरांच्या घराला दुसरी वाट नाही. आमचा मुलूख सपाट, त्यामुळे गाडी फार वेळ दिसत राहिली. चौकात ती थांबली आणि बराच वेळ थांबूनच होती. दोन्ही दारं उघडली, दोन माणसं खाली चरात उतरली. एक उभं राहिलं आणि एक खाली बसलं. कोण उभं आणि कोण बसलेलं, ते इतक्या लांबून लोरीनला ओळखता येईना, आणि आपलं पोर आपल्याला ओळखता येत नाही म्हणून तिला हुंदका आला.

ती माणसं वर आली, गाडी पुढे गेली, धूळ खाली बसली. तेव्हा लोरीन आत आली. तिनं टेबल आवरायला घेतलं. सासूची ताटली उचलली, मरीएटाची उचलली, व्हेल्डाचा कप उचलला, केंडलचा न खाल्लेला पाव फडक्यात गुंडाळून ठेवला. व्हर्नननं सवयीनं आपली ताटली तिच्याकडे सरकवली. तिनं ती घेतली नाही. त्यानं जरा वाट पाहिली, मग पुन्हा सरकवली.

"तुझी तू उचल," ती म्हणाली, आणि यापुढे त्या घरात असंच चालणार होतं.